एर्नेस्टीन आय.

१

बीना फ्रेझर गुन्हेगार आहे, ही बातमी आम्हाला राज्याने कळवली. साठी उलटलेली बाई. जन्मभर हॉटेलांच्या चादरी धुतल्या, आणि कोणाच्या अंगणातलं अंजीरसुद्धा कधी न विचारता तोडलं नाही. शनिवारी सकाळी ती आमच्या टेबलासमोर येऊन बसली, पर्समधून पाकीट काढलं आणि म्हणाली, "पिची, तूच वाच गं. मी तीनदा वाचलं, तरी डोक्यात शिरत नाहीये."

पिची म्हणजे मी. चर्चमागच्या जेवणाच्या हॉलमध्ये दर शनिवारी नोंदी पुसायचं टेबल लागतं. ज्यांच्या नावावर राज्याच्या दप्तरात एखादा जुना गुन्हा चिकटून बसलाय, त्यांनी यायचं. मी संगणकावर शोधून देते, आणि ऑगस्टा वाइगफॉल वकीलबाई कायद्यात बसेल ते कोर्टाकडून पुसून घेतात. वकीलबाईंना बेटावर सगळे कूटा म्हणतात. कूटा म्हणजे कासव. त्या चालतात हळू, बोलतात त्याहून हळू, आणि एकदा दातात धरलं की सोडत नाहीत.

पत्र बालकल्याण खात्याचं होतं. बीनाची एकुलती एक मुलगी हिवाळ्यात मोटार अपघातात गेली. तिची सहा वर्षांची पोर इमानी तेव्हापासून राज्याच्या ताब्यात, इथून दोन तासांवर, परक्या घरात राहत होती. आजीने ताबा मागितला होता. आजीला नकार आला होता. कारण, अमली पदार्थ विकण्यासाठी बाळगल्याचा गुन्हा, सात वर्षांपूर्वी, खाडीपलीकडच्या शहरात. गुन्हा कबूल, दंड भरलेला. गुरुवारी शेवटची सुनावणी होती. त्यानंतर ते परकं घर पोरीला कायमचं मागू शकत होतं.

"अमली पदार्थ?" मी म्हणाले. "ही बाई खोकल्याचं औषध घ्यायला घाबरते."

"शोध घे," कूटा म्हणाली.

स्वतःच्या नावावर काय लिहिलंय ते बघायला आमच्याकडे राज्याला पैसे मोजावे लागतात. मी ते मोजले. पत्रातलं नाव जसंच्या तसं घातलं तेव्हा पडद्यावर एकच ओळ आली: एर्नेस्टीन आय. फ्रेझर.

"हे बघ, चूक सापडली," मी हसत म्हणाले. "दुसरीच कोणीतरी आहे. ही एर्नेस्टीन कोण?"

बीनाने मान खाली घातली.

"मी," ती म्हणाली.

२

आमच्या गला माणसांत, म्हणजे अमेरिकेच्या या किनाऱ्यावरच्या जुन्या गुलामांच्या वंशजांत, प्रत्येकाला दोन नावं असतात. पाळण्यातलं आणि कागदावरचं. पाळण्यातल्या नावाने माणूस जगतो, लग्न करतो, भांडतो. कागदावरचं नाव पुष्कळदा शेजाऱ्यांना कळतं ते अंत्यविधीच्या पत्रिकेवरच. तरीही मी आणि बीना एका शाळेत, एका बाकावर होतो. मास्तरीणसुद्धा तिला बीनाच म्हणायची. पन्नास वर्षांत ते दुसरं नाव माझ्या कानावर आलं नव्हतं.

"मोठ्याने घेऊ नका ते," बीना हळूच म्हणाली. "आईने बजावून ठेवलं होतं. कोणाला सांगायचं नाही, कोणाकडून हाक मारून घ्यायची नाही. मिस ऑगस्टा, तुम्हीही घेऊ नका."

"कोर्टात घ्यावं लागेल," कूटा म्हणाली. "बाहेर नाही घेणार. जन्मतारीख काय तुझी?"

"दोन नोव्हेंबर एकसष्ट."

नोंदीत होतं नऊ एप्रिल एकोणसाठ. आणि बीनाच्या नावात मधलं अक्षर नव्हतंच. जन्मदाखल्यावर नुसतं एर्नेस्टीन फ्रेझर. मग हे 'आय.' कुठून आलं?

कूटाने तिथूनच बालकल्याण खात्याच्या डेंटनसाहेबांना त्यांच्या घरच्या फोनवर गाठलं आणि फोन टेबलावर ठेवून आम्हालाही ऐकवला. साहेब फार सभ्य होते. अशा सभ्य माणसांच्या थोबाडीत मारता येत नाही, हाच त्यांचा फायदा.

"मॅडम, जन्मतारीख जुळत नाही हे आम्ही पाहिलंय. पण अटकेच्या वेळी लोक वय चोरतात. दोन वर्षांचा फरक आमच्या मर्यादेत बसतो."

"वय चोरणारी बाई दोन वर्षांनी म्हातारी होते का, साहेब?"

"नाव जुळतं. आडनाव जुळतं. स्त्री, कृष्णवर्णीय, याच किनाऱ्यावरची."

"या किनाऱ्यावर फ्रेझर आडनावाच्या काळ्या बायका मोजायच्या ठरवल्या तर तुम्ही इथेच निवृत्त व्हाल."

"बोटांचे ठसे पाठवून तुलना मागता येते," डेंटन म्हणाले. "सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ही नोंद आमच्यासाठी खरी आहे."

"सुनावणी गुरुवारी आहे."

"त्याबद्दल वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच थोडं वाटलं असावं, म्हणून मला आणखी राग आला. चूक यांची. बोट दाखवायचं यांनी. आणि पैसे भरून, ठसे देऊन, हात जोडून सिद्ध करायचं कोणी, तर जिने काही केलंच नाही तिने.

कूटाने फोन बंद केला. "एकच वाट आहे," ती म्हणाली. "जिला तेव्हा पकडलं होतं ती खरी बाई गुरुवारच्या आत न्यायाधीशांसमोर उभी करायची. बीना, तुझं कागदावरचं नाव जिवंत माणसांपैकी कोणाकोणाला माहीत आहे?"

बीनाने बोटांवर मोजलं. "पाद्रीबाबांना. माझ्या भावाच्या बायकोला, लव्हीनियाला. आणि रोबर्टाला."

तेवढ्यात हॉलचं दार ढकलून सुगा आत आली. हातात झाकलेलं भांडं, कोळंबी घातलेला लाल भात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, म्हणून तिला वाटतं जगातलं कुठलंही दुखणं खाऊ घालून बरं होतं. बीनाची ती लहानपणापासूनची सावली.

"ऐकलं मी," सुगा भांडं आपटत म्हणाली. "म्हणे कोण्या बाईने बीनाचं नाव लावून पोलिसांना गंडवलं. सापडू दे ती मला. झिंज्या उपटून हातात देते तिच्या. पोरीला आजीपासून तोडतात म्हणजे काय?"

तिने आमच्यासमोर बशा मांडल्या. बीनाने मात्र बशी बाजूला सारली. सुगाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहून डोळे पुसले.

३

पाद्री म्हाताऱ्या पुरुषांत मोडतात, म्हणून उरल्या दोघी. मला विचाराल तर मी लव्हीनियावर पैज लावली असती.

लव्हीनिया बीनाच्या भावाची विधवा. भाऊ गेल्यापासून खाडीकाठच्या जमिनीवरून दोघींचं वाकडं. ती जमीन कोणा एकाची नाही, आजोबांच्या सगळ्या वारसांची मिळून आहे, आणि तिथे आता परदेशी गोल्फवाल्यांचा डोळा आहे. लव्हीनियाला विकायची आहे. बीना सही देत नाही.

"या, या," लव्हीनियाने आम्हाला ओसरीवरच थोपवलं. "आलात का तिची तक्रार घेऊन? मी तिची जमीन पळवते, तिचा कोंबडा पळवते, आता तिचं नावही पळवलं म्हणते का?"

"असं कोणी म्हटलं नाही," कूटा म्हणाली.

"म्हणाल. मोठ्या वादळानंतर लग्न करून मी या बेटावर आले तेव्हापासून सगळ्यांसाठी मी बाहेरचीच. ऐका, मिस ऑगस्टा. तिच्या जन्मदाखल्याची प्रत माझ्याकडे आहे. वारसांच्या खटल्यासाठी काढलेली. तिचं नाव, तारीख, वेळ, सुईणीचं नाव, सगळं मला पाठ आहे. तिला अडकवायचंच असतं तर अर्धवट काम केलं नसतं मी."

"मधलं अक्षर?"

"नाहीच. दाखल्यावर नाही. मी त्यावरून वकिलाशी भांडलेय, दुसरी एर्नेस्टीन निघाली तर काय म्हणून."

ती अगदी खरं बोलतेय असं वाटलं, आणि त्यामुळे माझी निराशा झाली.

रोबर्टा बीनाची चुलत बहीण. ती केस विंचरायच्या खुर्चीमागे उभी होती, एका गिऱ्हाइकाच्या वेण्या घालत. तिच्याकडे जायला मला लाज वाटत होती. कारण रोबर्टाच्या नावावर एके काळी खरोखरच नोंद होती, खोट्या चेकची. गेल्या वर्षी आम्हीच ती पुसून दिली होती.

"येणार हे माहीत होतं," रोबर्टा वेणी सोडून देत म्हणाली. "कुठे काही हरवलं की आधी रोबर्टाकडे. कागद पुसला म्हणालात ना तुम्ही? मग हे काय? न्यायाधीशांनी पुसलं, राज्याने पुसलं, तुमच्या डोक्यात मात्र तसंच छापलेलं."

"बरोबर आहे तुझं," कूटा म्हणाली. "मी दोघींना सारखंच विचारतेय. पण तुला जास्त लागणार हे कळतं मला."

रोबर्टा थोडी निवळली. खुर्चीतल्या बाईने आरशातून कान टवकारले होते, म्हणून आम्ही मागच्या दारी गेलो.

"बीनाच्या विम्याचे कागद मीच भरते," रोबर्टा म्हणाली. "दोन नोव्हेंबर, एकसष्ट. झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मी तिचं नाव वापरलं असतं तर तारीखही तीच वापरली असती की. नाव चोरायचं आणि तारीख चुकवायची, एवढी अडाणी मी फिलाडेल्फियात वाढूनही झाले नाही."

"इथे कधी आलीस परत?"

"आई गेली तेव्हा. पस्तिशीला आले होते मी, मोठ्या वादळानंतर पुष्कळ वर्षांनी."

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "दोघीही नाहीत."

"दोघीही नाहीत," कूटा म्हणाली. "आणि दोघींनी एकच गोष्ट सांगितली. जिला हे नाव माहीत आहे तिला तारीखही माहीत आहे. पिची, आपण उलट्या टोकाकडून शोधत होतो. चोरी करणाऱ्या बाईला ठाऊकच नव्हतं की हे बीनाचं नाव आहे."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मग तिला ते सुचलं कसं? नाव, आडनाव, वर एक अक्षर, शिवाय तारीख?"

"खोटी तारीख माणूस कशी सांगतो? स्वतःचीच थोडी हलवून, किंवा एक जानेवारी. नऊ एप्रिल असं कोणी हवेतून काढत नाही. ती कोणाची तरी खरी तारीख आहे." कूटाने सावकाश चष्मा पुसला. "बीनाकडे चल. आईने ते नाव का लपवलं, ते विचारायचं राहिलं."

४

बीना सांगायला तयार नव्हती. मग इमानीने धाडलेल्या चित्राकडे बघून तयार झाली. चित्रात निळं दार होतं. आमच्याकडे वाईट आत्मे आत येऊ नयेत म्हणून दारं निळी रंगवतात, आणि पोरीने त्या परक्या घराचं दारही निळं रंगवलं होतं.

"माझ्याआधी एक होती," बीना म्हणाली. "महिन्याभरात गेली. मी झाले तेव्हा वडिलांनी हट्टाने तेच नाव दिलं, त्यांच्या आईचं होतं म्हणून. आई घाबरली. नाव ऐकून ती पहिली खेळायला बोलवायला येईल, म्हणाली. म्हणून कागदावर ते, आणि घरात बीना. कब्रस्तानात तिच्या कोपऱ्याकडे मला कधी फिरकू दिलं नाही. मी अजूनही जात नाही."

"तिचा दगड आहे?"

"असेल. मी पाहिलेला नाही."

ओकच्या झाडांखाली, खाऱ्या चिखलाच्या कडेला आमचं जुनं कब्रस्तान आहे. फ्रेझरांच्या कोपऱ्यात एक लहान दगड पालथा पडलेला होता. मोठ्या वादळात पडला आणि कोणी उचलला नाही. आम्हा दोघींच्या वयाचा विचार न करता आम्ही तो पहारीने उलटवला. माझ्या कमरेने त्याचा सूड पुढे आठवडाभर घेतला.

शेवाळ खरवडलं. अक्षरं गावठी हाताने कोरलेली, एकाखाली एक.

एर्नेस्टीन. इन्फंट. फ्रेझर. जन्म नऊ एप्रिल एकोणसाठ.

"इन्फंट म्हणजे तान्हं मूल," कूटा म्हणाली. "दगडावर लिहायची पद्धत. पण न कळत्या वयात हे वाचलं, तर काय वाटेल?"

"मधलं नाव," मी म्हणाले. "एर्नेस्टीन इन्फंट फ्रेझर. एर्नेस्टीन आय."

"त्या बाईला वाटलं, आपण मेलेल्या पोरीचं नाव सांगतोय. मेलेलीला कोण शिक्षा करणार? कोणाचंच काही बिघडणार नाही, असं वाटलं असेल तिला." ती दगडावर टेकून बसली. "आता बघ. वादळात दगड पालथा पडला. त्यानंतर हे कोणी वाचलेलं नाही. लव्हीनिया वादळानंतर आली. रोबर्टा त्याहून नंतर. म्हणजे वाचणारी इथेच वाढली, आणि हे इतक्या वेळा वाचलं की पोलिसांपुढे घाबरल्यावर तेच तोंडून बाहेर पडलं. लहानपणी या कोपऱ्यात कोण येत होतं?"

"आम्ही सगळ्याच. चर्चच्या मुली झाडायला यायच्या. प्रत्येक घराची मुलगी आपापल्या घराच्या कबरी झाडायची."

"फ्रेझरांची मुलगी बीना. पण तिला इथे यायला बंदी होती. मग तिचा वाटा कोण झाडायची?"

मला उत्तर माहीत होतं. बोलायची इच्छा नव्हती. लाल भाताची चव अजून तोंडात होती.

५

सुगाच्या अंगणात टोपलीभर भेंडी होती आणि ती देठं उडवत बसली होती. आम्हाला बघून तिने दुसऱ्या दोन खुर्च्या ओढल्या.

"सापडली का ती?"

"अजून नाही," कूटा म्हणाली. "तू लहानपणी बीनाच्या वाट्याचं झाडायचीस ना, कब्रस्तानात?"

"झाडायचे की. तिला भीती वाटायची तिथली. मला काय, मी वर गाणी म्हणत झाडायचे." सुगा हसली. "का?"

"पोलिसांच्या नोंदीत जे नाव आहे ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बीनानेच नको म्हटलं होतं. तुला सांगू का? तिची परवानगी घेऊन आलेय."

"सांगा. बीना फ्रेझर, दुसरं काय असणार?"

"एर्नेस्टीन फ्रेझर."

सुगाचा सुरी धरलेला हात थांबला.

"ती कुठली बीना," ती म्हणाली. "ती तर कधीच मेली."

म्हणून झाल्यावर तिने आमच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग परत कूटाकडे. मी रागावण्याची तयारी करून आले होते, खोटं कशाला बोलू. पण तिच्या चेहऱ्यावर जे उतरत गेलं ते बघून माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

"बीनाचं खरं नाव आहे ते," कूटा म्हणाली. "जन्मापासून. थांब, सुगा. पुढे एक शब्द बोलू नकोस. मी बीनाची वकील आहे, तुझी नाही. शहरात माझ्या ओळखीचा एक चांगला माणूस आहे. आधी त्याच्याशी बोल. माझ्यासमोर जे बोलशील ते मला तुझ्याविरुद्ध वापरावं लागेल."

"वापरा," सुगा म्हणाली.

तिने त्या माणसाशी फोनवर बोलून घेतलं, कूटाने तसं करायला भागच पाडलं. त्यानेही गप्प राहा म्हणून सांगितलं. तरी फोन ठेवून ती बोलली.

"पुडी माझ्या पोराची होती. गाडी मी चालवत होते. तो मागच्या सीटवर होता, आणि आधीच एकदा पकडला गेला होता. दुसऱ्यांदा सापडला असता तर आत गेला असता, कायमचा. मी म्हटलं, माझी आहे. नाव विचारलं. माझं सांगितलं असतं तर शाळेतली नोकरी गेली असती. परवाना मागितला तर घरी राहिला म्हटलं. आणि तोंडात ते आलं. ते मधलं नावसुद्धा. मला वाटलं, बिचारं तान्हं पोर, सत्तर वर्षं मातीत. त्याचं मी काय घेतेय?"

"वर्षं तरी मोजून बोल, सत्तर नाही झाली," मी म्हणाले. असं काहीतरी बोलल्याशिवाय मला रडूच आलं असतं.

"आणि शनिवारपासून मी तिला भात भरवतेय," सुगा म्हणाली. "झिंज्या उपटते म्हणतेय. कोणाच्या?"

मग कूटाला राग आला. इतक्या वर्षांत मी तिला तसं पाहिलं नव्हतं. राग सुगावर नव्हता.

"तुला एक सांगते, ऐकून घे. पहिला गुन्हा होता तुझा. स्वतःच्या नावावर घेतला असतास, तर मी तो केव्हाच पुसून दिला असता, माझ्या त्या टेबलावर, एका शनिवारात. पण तू दाराशी यायला घाबरलीस, कारण आधी नोकरी जाते आणि पुसणं नंतर येतं. हे ज्यांनी असं लावून ठेवलंय त्यांना एकदा समोर बसवून विचारायचंय मला, की माणसाने खरं बोलावं तरी कशाला?"

"उद्या गुरुवार ना?" सुगाने विचारलं.

"हो. आणि उद्या तू बोललीस तर नोकरी जाईल. कदाचित जास्तही काही होईल. पोलिसांना खोटं नाव सांगणं हा वेगळा गुन्हा आहे."

सुगाने राहिलेली भेंडी उचलली आणि परत चिरायला लागली. "कोर्टात काय घालून जातात?" ती म्हणाली.

६

न्यायाधीश बाई होत्या, आणि घाईत होत्या. डेंटनसाहेब कागदांची चळत घेऊन बसले होते. बीनाने चर्चची टोपी घातली होती. सुगा आली तेव्हा बीना उठून उभी राहिली. कूटाने तिला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. दोघी एकमेकींना भिडल्या नाहीत, आणि बाजूलाही सरकल्या नाहीत. बीनाने बाकावर जागा करून दिली, एवढंच.

सुगाने शपथ घेतली. खरं नाव सांगितलं, मर्टल ग्रँट. सगळं सांगितलं. कूटाने दगडाचा फोटो दाखवला, जन्मदाखला दाखवला. न्यायाधीशांनी सुगाच्या अंगठ्याचा ठसा तिथेच घेववला, आणि अटकेच्या वेळच्या ठशाशेजारी ठेवून पोलिसांच्या जाणकाराने मान हलवली. हे काम, ज्याला सहा ते आठ आठवडे लागतात, एका चहाच्या वेळात झालं.

"अर्ज मान्य," न्यायाधीश म्हणाल्या. "मूल आजीकडे."

इमानीला संध्याकाळपर्यंत आणायचं ठरलं. बाहेर ओसरीत बीना आणि सुगा समोरासमोर आल्या.

"तू मला कधी विचारलं नाहीस," बीना म्हणाली.

"तू कधी सांगितलं नाहीस," सुगा म्हणाली.

"माझ्या बहिणीचं नाव होतं ते, सुगा."

"माहीत आहे. म्हणूनच घेतलं. परक्या मेलेलीचं नाव घ्यायला धीर झाला नसता मला."

बीनाने तिला माफ केलं की नाही, ते मला अजून माहीत नाही. पण संध्याकाळी पोरीला आणायला जाताना ती सुगाला सोबत घेऊन गेली. एवढं मात्र मी पाहिलं.

शुक्रवारी दुपारी शाळेतून सुगाला फोन आला, सोमवारपासून येऊ नका म्हणून.

शनिवारी मी टेबलावर संगणक उघडला. सवयीने आधी बीनाचं नाव घातलं. परत पैसे मोजले. पडद्यावर तीच ओळ आली, एर्नेस्टीन आय. फ्रेझर, गुन्हा कबूल. राज्याच्या कार्यालयाला फोन केला. न्यायालयाचा आदेश मिळालाय, म्हणाले. नोंद काढायला सहा ते आठ आठवडे लागतील.

मग मी मर्टल ग्रँट घातलं.

तिचं नाव तिथे होतं. तोच गुन्हा, तीच तारीख, तीच पुडी. गुरुवारी दुपारीच चढवलं होतं.

"एका पुडीला दोन गुन्हेगार?" मी फोनवरच्या बाईला विचारलं.

"मॅडम, नावं चढवणारा विभाग वेगळा आहे," ती म्हणाली. "आणि काढणारा वेगळा."